फोल नव्हे, व्हॉइल

पहाटे पाचला इद्वल ब्रीझचा दिवस सुरू व्हायचा, आणि तो सुरू व्हायचा स्वयंपाकघराच्या खिडकीत. किटली ठेवायची, पडदा सारायचा आणि समोरच्या उतारावरच्या मेंढ्यांकडे बघायचं. थंड वारा सुटला की मेंढ्या त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहतात. तोंडं कुठे आहेत ते पाहिलं की वारा कुठला ते कळतं. यासाठी रेडिओ लावावा लागत नाही.

एरवी ही नुसती सवय होती. बुधवारी मात्र तिला अर्थ असायचा, कारण बुधवारी त्याची बायको उडायची.

नेस्ता शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिच्या पन्नासाव्या वाढदिवसाला तिथल्या बायकांनी वर्गणी काढून तिला ग्लायडरमधून एक फेरी भेट दिली. सगळ्यांची अपेक्षा होती की ती वर जाऊन किंचाळेल, खाली येऊन चहा पिईल आणि वर्षभर तेच सांगत बसेल. ती किंचाळली नाही. खाली आल्यावर तिने मागे बसलेल्या शिक्षकाला विचारलं, "हे एकटीने करायला किती दिवस लागतात?" आणि बुधवारची सुट्टी तेव्हापासून तिकडे गेली.

इद्वल कधी वर गेला नव्हता. तो कुंपणं घालणारा माणूस. लाकडी खांब जमिनीत ठोकायचे, तारा ताणायच्या, यू-खिळे मारायचे, हे त्याचं आयुष्यभराचं काम. त्या भागात निम्म्या लोकांची आडनावं सारखीच, त्यामुळे माणूस धंद्यावरून ओळखला जायचा. एक एव्हन्स दूध होता, एक एव्हन्स पाव होता, आणि इद्वलला सगळे इद्वल खांब म्हणायचे. त्याला ते आवडायचं. खांबाचं काम एका जागी उभं राहणं. शिडीवर तो पन्हाळीपर्यंत चढायचा. त्यावरचं काम शेजाऱ्याला सांगायचा.

पण बायकोला ग्लायडरच्या मैदानावर सोडायला जायचा तेव्हा तिथली विंच बघून त्याचं डोकं फिरायचं. विंच म्हणजे मैदानाच्या टोकाला उभं असलेलं एक इंजिन आणि त्याला जोडलेलं मोठं रीळ. दुसऱ्या टोकाला ग्लायडर. मध्ये लांबच लांब दोरी. रीळ फिरलं की दोरी गुंडाळली जाते आणि पतंगासारखा ग्लायडर वर चढतो. पुरेसा उंच गेला की वैमानिक दोरी सोडून देतो. तिथली माणसं इंजिन हिसके देत चालवायची.

"तार अशी ओढली तर खांब उपटून येईल," तो एकदा म्हणाला.

"मग तू ओढ," कॅरॅडॉग बेब म्हणाला. हा तिथल्या ग्लायडिंग क्लबचा मुख्य शिक्षक. निवृत्त दंतवैद्य. समोरच्याचं तोंड बंद करायची त्याला सवय नव्हती, उघडायची होती.

इद्वलने ओढली. दोरी कुठे सैल नाही, कुठे तडतडली नाही. त्या दिवसापासून बुधवारची विंच त्याची झाली. ती वर, तो खाली, मध्ये दोरी. संसार कसा चाललाय असं कुणी विचारलं तर तो एवढंच सांगायचा.

आणि लवकर उठणारा तोच, म्हणून फोनही त्याच्याकडे आला.

त्या दऱ्यांमधून लष्कराची जेट विमानं सरावाला यायची. डोंगरमाथ्याच्याही खालून, दरीच्या वळणावळणाने, भिंतीलगत उंदीर पळावा तशी. शनिवार-रविवार ती घरी बसायची, बुधवारी नाही. ग्लायडरला इंजिन नाही, तो पांढरा, बारीक, आणि ढगासमोर असला तर दिसत नाही. जेट दिसतं, पण दिसेपर्यंत पोचलेलं असतं. तेव्हा एकमेकांच्या वाटेत यायचं नाही, एवढाच उपाय. क्लबच्या मैदानाभोवती लष्कराच्या नकाशावर कायमचं एक वर्तुळ होतं. जेटवाले त्याला वळसा घालून जायचे. पण वारा उत्तरेचा असला तर ग्लायडर मैदानावर थांबत नसत. ते दरी ओलांडून व्हॉइलवर जात. व्हॉइल म्हणजे तिकडच्या भाषेत बोडकी टेकडी. उत्तरेचा वारा तिच्या कड्यावर आपटून वर चढतो, आणि त्या चढत्या वाऱ्यावर ग्लायडर दिवसभर येरझाऱ्या घालू शकतो. अशा दिवशी लष्कराच्या उड्डाणांची नोंद ठेवणाऱ्या टेबलावर फोन करून सांगायचं, की आज तिकडेही एक वर्तुळ काढा.

टेकडीची नकाशावरची नेमकी जागा सांगणारा आकडा फोनशेजारी भिंतीला चिकटवलेला होता. नेस्ताने तो मोठ्या अक्षरात लिहिला होता, इद्वलला चष्मा शोधावा लागू नये म्हणून.

एप्रिलमधल्या त्या बुधवारी मेंढ्यांची तोंडं दक्षिणेला होती, म्हणजे वारा उत्तरेचा. इद्वलने लष्कराचं टेबल सुरू व्हायची वेळ होऊ दिली आणि फोन लावला. पलीकडे एक तरुण इंग्लिश आवाज आला. नवा होता.

"आज आम्ही व्हॉइलवर उडतोय," इद्वल म्हणाला.

"कुठे, सर?"

"व्हॉइल."

"स्पेलिंग सांगता?"

"एफ, ओ, ई, एल."

"हां. फोल."

इद्वलने कप खाली ठेवला. "फोल नव्हे. आमच्यात एफचा उच्चार व होतो."

"व्होल."

"तो तुमच्यातला शेतातला उंदीर झाला. व्हॉइल. तोंड गोल करायचं आणि शेवटी थोडं हसायचं."

"व्हॉ... इल."

"हसलास का?"

"हसलो, सर."

"मग जमलं."

"व्हॉइल. सापडली, सर. नकाशावर घेतली. तुमचा दिवस छान जावो."

इद्वल खुशीत वर गेला. नेस्ता मोजे घालत होती.

"नाश्त्याआधी एका इंग्लिश माणसाला आपला एक शब्द शिकवला," तो म्हणाला.

"पैसे घ्यायचे होतेस," नेस्ता म्हणाली.

भिंतीवरचा आकडा भिंतीवरच राहिला.

दुपारपर्यंत सगळं झकास चाललं होतं. नेस्ताची वर्षाची उड्डाण-तपासणी होती, म्हणून जुन्या दोन आसनी ग्लायडरमध्ये ती पुढे आणि कॅरॅडॉग मागे बसला होता. इद्वलने त्यांना लोण्यासारखं वर सोडलं. ग्लायडरने दरी ओलांडली आणि व्हॉइलच्या कड्यावर येरझाऱ्या सुरू केल्या. विंचपाशी उभं राहिलं की समोर ती टेकडी सगळी दिसायची. पांढरा ठिपका डावीकडून उजवीकडे जायचा, वळला की क्षणभर नाहीसा व्हायचा आणि पुन्हा दिसायचा. इद्वल डबा उघडून मनुकांचा पाव खात होता आणि ठिपक्यावर एक डोळा ठेवून होता.

दरीच्या तोंडाशी दोन जेट वळली. आवाज अजून आला नव्हता. टेकडीच्या खांद्याला घासून आल्यासारखी ती आली, एक पुढे, एक मागे, आणि पुढचं सरळ पांढऱ्या ठिपक्याच्या दिशेने गेलं. खालून बघणाऱ्याला दोन वस्तूंमधलं अंतर कळत नाही. इद्वलला एवढंच दिसलं की काळं आणि पांढरं एक झालं. मग आवाज आला, पत्र्याच्या छपरावर दगडांची गाडी रिकामी करावी तसा, आणि खाली मेंढ्या पळाल्या. मग काळं निघून गेलं.

पांढरं तिथेच होतं. जरा वेडंवाकडं होतं, पण होतं.

विंच सोडून जायचं नाही हा त्याचा स्वतःचाच नियम. ग्लायडर परत येऊन टेकला तेव्हा इद्वल पूर्ण मैदान चालून गेला होता. धावला नाही. हातात पावाचा तुकडा तसाच होता.

नेस्ताने काच वर केली. "चहा आहे का?"

"आहे."

"साखर घाल," मागून कॅरॅडॉग म्हणाला. तो साखर खात नसे; दुसऱ्यांनाही खाऊ देत नसे.

चहा घेताना नेस्ताने सांगितलं. काचेवर माशी बसली असं तिला आधी वाटलं. काळी, बारीक. मग लक्षात आलं की माशी हलत नाहीये. "बाकी सगळं काचेवरून सरकत असतं," ती म्हणाली. "डोंगर सरकतो, ढग सरकतो. जे सरकत नाही ते आपल्याकडेच येतंय. हे मला कॅरॅडॉगने पहिल्याच महिन्यात शिकवलंय. मी एक पंख खाली झुकवून बाहेरच्या बाजूला वळले. जेट आमच्या खालून गेलं. वैमानिकाचं हेल्मेट वर झालेलं मला दिसलं."

"मला दिसलं नाही," कॅरॅडॉग म्हणाला. "मी डोळे मिटले होते. हे तपासणीत धरू नकोस. तू पास आहेस."

मग सगळा क्लब लष्करावर उखडला, आणि सगळ्यात जास्त इद्वल. "सांगितलं होतं त्यांना," तो म्हणत राहिला. "मी स्वतः सांगितलं होतं. उच्चारासकट."

कॅरॅडॉगने लष्कराच्या तळावर फोन केला. रीतसर जे कळवायचं ते कळवलं. पुढच्या बुधवारी एक अधिकारी भेटायला येणार असं ठरलं. तो आठवडाभर इद्वल एका शेताच्या कुंपणावर खांब ठोकत भाषण तयार करत होता. ठोकायची लोखंडी नळी दोन्ही हातांनी उचलायची, खाली आणायची, एक वाक्य. पुन्हा उचलायची, दुसरं वाक्य. शुक्रवारपर्यंत कुंपण आणि भाषण दोन्ही उभं राहिलं.

अधिकारी एका छोट्या, मळलेल्या गाडीतून आली. तिशीची बाई, केस आखूड, हातात बिस्किटांचा डबा. नाव हॅरियट साउडन. तिने डबा क्लबच्या खोलीतल्या टेबलावर ठेवला आणि बसायच्या आधीच म्हणाली, "पुढचं विमान माझं होतं."

इद्वल भाषणाला उभा राहिला होता. तिला बघून त्याला सुरुवात आठवेना.

"तुम्ही मला पाहिलंत?" नेस्ताने विचारलं.

"शेवटच्या क्षणी. तुमच्या पंखावर ऊन चमकलं म्हणून. मी विमान खाली ढकललं. तुम्ही वर गेलात हे बरं झालं." ती थोडं थांबली. "त्या रात्री मला झोप आली नाही. तुम्हाला?"

"मला आली. याला नाही," नेस्ता म्हणाली आणि इद्वलकडे बोट केलं.

इद्वलला भाषणाचं दुसरं वाक्य आठवलं. "मॅडम, आम्ही सकाळी फोन केला होता."

"हो. ते वर्तुळ आमच्याकडे होतं. म्हणूनच तर आम्ही तुमच्या दरीत होतो. ठरलेली वाट दुसरी होती. तुमच्या वर्तुळाला वळसा घालायला आम्ही इकडून आलो."

हॅरियटने नकाशा काढून टेबलावर पसरला आणि एका कोपऱ्यावर बिस्किटांचा डबा ठेवला. वर्तुळ लाल होतं, छान गोल होतं, आणि दोन दऱ्या पलीकडे होतं.

नेस्ता वाकून वाचायला लागली. मग ती सरळ झाली. "इद्वल. ही कुठली व्हॉइल?"

इद्वलने चष्मा लावला. काढला. पुसला. पुन्हा लावला.

"ही पण व्हॉइलच आहे," तो म्हणाला. "पण ही व्हॉइल नाही."

"इथे अजून एक आहे," कॅरॅडॉग नकाशाच्या दुसऱ्या टोकाकडून म्हणाला. "आणि ही. अरे, ही तर माझ्या मावशीच्या घरामागे आहे."

बोडक्या टेकड्यांना त्या मुलखात तोटा नव्हता. पण आपल्या खिडकीतून दिसते ती टेकडी सोडून दुसरी कुणाची असेल, हे इद्वलच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. इतक्या वर्षांत त्याने कुणाला "कुठली?" असं विचारलेलं नव्हतं आणि त्यालाही कुणी विचारलेलं नव्हतं.

"म्हणून आम्ही आकडा मागतो," हॅरियट म्हणाली. "ती नावं आमच्यातल्या कुणाला वाचता येत नाहीत. तो पोरगाही नवा होता, त्यानेही मागायला हवा होता. आकडा दिला नव्हता का?"

"आकडा फोनशेजारी भिंतीला लावलाय," इद्वल म्हणाला.

"मग?"

"मी त्याला उच्चार शिकवत होतो."

आधी कॅरॅडॉग हसला. मग हॅरियटने ओठ चावले, पण तिचे खांदे हलले. मग सगळी खोली हसायला लागली. नेस्ता हसली नाही, आणि इद्वलने फक्त तेवढंच बघितलं. जगातला सगळ्यात शुद्ध उच्चार करून त्याने फोन केला होता, आणि तो फोन फोल गेला होता. फोल जाऊन थांबला नव्हता. त्याने दोन जेट स्वतःच्या बायकोच्या अंगावर वळवून आणली होती.

घरी जाताना गाडी इद्वल चालवत होता.

"मी रागावले नाहीये," नेस्ता म्हणाली.

"मग?"

"तू काहीतरी बोलणार आहेस. त्याची वाट बघतेय."

इद्वलने गिअर बदलला. "उडू नकोस म्हणालो तर?"

"तर मी विचारीन, कुठल्या डोंगरावर."

गावात व्हॉइलची गोष्ट आधीच पोचली होती. इद्वल खांब संपला. इद्वल कुठली-व्हॉइल सुरू झाला. दुकानात त्याने पाव मागितला तर एव्हन्स पाव गंभीर चेहऱ्याने विचारायचा, "कुठला?" पबमध्ये त्याची खुर्ची म्हणून कुणीतरी एका खुर्चीवर खडूने लाल वर्तुळ काढलं. खुर्ची मुद्दाम दुसऱ्याची निवडली होती. इद्वलने सगळं ऐकून घेतलं. एकदाच म्हणाला, "कुंपण चुकलं की मेंढ्या जातात. वर होती ती मेंढी नव्हती." त्यानंतर लोक त्याच्यासमोर जरा कमी हसायचे.

हॅरियटने जाताना आणखी एक गोष्ट सांगितली होती. साबणाच्या वडीएवढी एक डबी मिळते. ग्लायडरमध्ये बसवायची. जवळपास उडणाऱ्या विमानांचे संदेश ती ऐकते आणि वाजते. आणि आपण कुठे आहोत हेही आजूबाजूला ओरडून सांगते. "सगळं ऐकत नाही," ती म्हणाली होती. "डोंगराआडचं तिला कळत नाही. डोळे लागतातच. पण कुठे बघायचं ते कळलं तर डोळ्यांना वेळ मिळतो." क्लबपाशी पैसे नव्हते. जुन्या कपड्यांची विक्री, केकची विक्री, लॉटरी, असं काहीतरी करू, पुढच्या वर्षीपर्यंत जमेल, असं कॅरॅडॉग म्हणाला होता.

इद्वलने विक्रीसाठी केक दिला नाही. त्याने एका माणसाला फोन केला, ज्याला त्याने दोनदा नकार दिला होता. त्या माणसाला व्हॉइलच्या माथ्यावर नवं कुंपण घालून हवं होतं.

"कुठल्या?" तो माणूस म्हणाला.

"माझ्या," इद्वल म्हणाला आणि दर सांगितला.

नकार त्याने उगाच दिला नव्हता. त्या माथ्यावर वीतभर माती आणि खाली खडक. ट्रॅक्टर शेवटच्या चढापर्यंत पोचत नाही. तिथून खांब खांद्यावर घ्यायचा, एका वेळी एक, कारण दोन घेतले की वाऱ्यात माणूस फिरतो. पहारीने खडकात भोक पाडायचं. पहार खडकावरून उसळली की दणका कोपरापर्यंत जातो. खांब उभा केला की हलवून बघायचा. हलला तर उपटायचा आणि पुन्हा. कितीदा तरी उपटले. बघायला वर कोण येणार होतं, मेंढ्या येणार होत्या. पण हलणाऱ्या खांबाला कुंपण म्हणायला त्याची जीभ वळत नव्हती.

बुधवार सोडून तो उन्हाळाभर तिथे होता. कधी कधी जेट यायची, आणि त्याच्या पायाखालून जायची. विमान वरून बघायला त्याला फार चमत्कारिक वाटलं. वैमानिकाच्या डोक्याचा शेंडा दिसायचा. आवाज मागून यायचा. आवाजाकडे बघावं तर तिथे काहीच नसायचं. एकदा त्याने जेवण सोडून प्रयत्न केला. दरीच्या तोंडाकडे टक लावून बसला, जेट येताना नजरेत धरायचंच म्हणून. सावध बसलेला, डोळे चांगले, दुसरं काही काम नाही. तरी त्याला ते दिसलं तेव्हा ते जवळजवळ गेलेलं होतं. त्याने डबा बंद केला आणि नेहमीपेक्षा लवकर पहार उचलली.

दुसऱ्या एका दिवशी कुंपणाच्या टोकाला उभं राहून त्याने एक डोळा मिटला आणि खांबांची रांग बघितली. रांग सरळ असली की पहिला खांब बाकी सगळ्यांना झाकतो. सगळं कुंपण मिळून एकच खांब दिसतो. समोरून येणाऱ्या ग्लायडरचंही हेच. लांबच लांब पंख, पण समोरून नुसती एक रेघ. हॅरियटला तो दिसला नाही यात नवल नव्हतं. ऊन चमकलं यात नवल होतं. त्या संध्याकाळी त्याने घरी येऊन नेस्ताला काही सांगितलं नाही, फक्त भांडी घासली.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. कुंपण सरळ आलंय."

फोन तोच करत राहिला. पुन्हा उत्तरेचा वारा आला त्या सकाळी तोच तरुण आवाज होता.

"व्हॉइल, सर?" तो म्हणाला. तोंड गोल, शेवटी हसू. इद्वलपेक्षाही गोड.

"नाव राहू दे," इद्वल म्हणाला. "आकडा लिही. मग मला परत वाचून दाखव."

त्याने वाचून दाखवला. इद्वलने भिंतीवर बोट ठेवून ऐकला. मग आणखी एकदा वाचायला लावला.

सप्टेंबरात कुंपण पुरं झालं. पैसे हातात आले त्याच आठवड्यात डबी आली. कॅरॅडॉगने ती ग्लायडरच्या पुढच्या भागात बसवली, दाढेत चांदी भरावी तशी जीभ ओठाबाहेर काढून.

नेस्ता बुधवारी आली आणि डबीकडे बघत राहिली. "हे कुठून आलं?"

"खांबांतून," इद्वल म्हणाला.

ती पुढे काही विचारणार होती. पण वीस वर्षांपूर्वी याच माणसाने असंच काही न सांगता तिला ओव्हन आणून दिला होता, आणि विचारल्यावर दोन दिवस अबोला धरला होता. "बरं," ती म्हणाली.

"वाजतं का?" इद्वलने कॅरॅडॉगला विचारलं.

"जेट आलं की वाजेल."

"म्हणजे तू वाजवून बघितलं नाहीस."

"जमिनीवर कसं वाजवू? जेट आणू इथे?"

"मी तार ताणली की हाताने ओढून बघतो," इद्वल म्हणाला. "ओढून न बघता मी कधी पैसे घेतले नाहीत, आणि देणारही नाही."

"दिलेत की तू."

इद्वल ग्लायडरभोवती एक चक्कर मारून आला. मग त्याने टोपी काढून कॅरॅडॉगच्या हातात दिली. "विंच तू घे. इंजिनाला हिसका द्यायचा नाही. दोरी ताठ झाली की मनात श्वास घ्यायचा, मग हळूहळू. वाऱ्याची झुळूक आली तर कमी करायचं. ती वर गेली की..."

"इद्वल," कॅरॅडॉग म्हणाला. "तू यायच्या आधी मी पंधरा वर्षं विंच चालवलीय."

"मला माहीत आहे. म्हणूनच सांगतोय."

मागच्या खुर्चीत त्याला पट्टे बांधले. नेस्ता पुढे. काच बंद झाली. दोरी ताठ झाली, आणि मग जमीन अशी खाली गेली की त्याच्या तोंडून आईच्या भाषेतला एक शब्द निघाला, जो त्याने त्या तरुण इंग्लिश आवाजाला शिकवला नव्हता.

"ठीक आहेस?" नेस्ताने विचारलं.

"हिसका दिला त्याने."

"नाही दिला."

"थोडा दिला."

दोरी सुटली. सगळं शांत झालं. फक्त वाऱ्याचा आवाज, दार किंचित उघडं राहिल्यासारखा. नेस्ताने दरी ओलांडली आणि ग्लायडर व्हॉइलच्या कड्यावर आला, आणि खालून कुणी हात लावून उचलावा तसा वर चढला. इद्वलने गुडघे घट्ट धरले होते. स्वतःचेच.

"खाली बघ, तुझं कुंपण," नेस्ता म्हणाली.

त्याने बघितलं. माथ्यावरून रेघ मारल्यासारखं ते गेलं होतं. "मधे वाकलंय," तो म्हणाला.

"कुठे? सरळ आहे."

"तो मोठा खडक आहे तिथे. हातभर. खालून कळत नव्हतं."

"उतरून नीट करणारेस की काय?"

"बघू."

तेवढ्यात डबी वाजली. बारीक, सलग, किटली उकळल्यासारखी. नेस्ताचे खांदे ताठ झाले. "उजवीकडे, खाली दाखवतंय. मला दिसत नाही. इद्वल, बघ."

त्याने गुडघे सोडले. दरीचं तोंड कुठे, जेट कुठून वळतं, हे त्याला उन्हाळाभर बघून पाठ होतं. तिथे काळा ठिपका होता.

"आहे. दरीच्या तोंडाशी."

"हलतोय का?"

इद्वलने ठिपक्यामागे एक झाड धरलं, रांग बघताना खांब धरायचा तसं, आणि एक डोळा मिटला. ठिपका झाडावरून सरकला. मग मेंढ्यांच्या वाड्यावरून सरकला.

"हलतोय," तो म्हणाला. "मागे जातोय. दुसरं जेट नाही."

"नक्की?"

"दुसरं नाही. बघतोय मी."

जेट लांबून, खूप खालून, त्यांच्या वर्तुळाबाहेरून दरीच्या पलीकडच्या अंगाने गेलं. जाताना त्याने एकदा इकडे आणि एकदा तिकडे पंख झुकवले. ती हॅरियट होती की दुसरं कुणी, ते कळायला मार्ग नव्हता. आवाज उशिरा आला आणि संपला. डबीही गप्प झाली.

नेस्ताने मोठा श्वास सोडला. तिची वेणी पट्ट्याखालून सुटली होती, आणि मागून इद्वलला तिच्या मानेवरचा तीळ दिसत होता.

"वाजतं," तो म्हणाला. "आता मला खाली घे."